युनिव्हर्सिटीत नवीन आलाय? रिसर्च टॉकला जायचं कसं, बसायचं कुठं आणि काहीच नाही कळलं तर काय

मी उदगीरहून एमएस्सी फिजिक्ससाठी पुण्यात आले तेव्हा पहिले चार महिने माझी पक्की समजूत होती की डिपार्टमेंटच्या बोर्डावर टॉकचे, म्हणजे संशोधनावरच्या व्याख्यानांचे, जे कागद लागतात ते आपल्यासाठी नसतात, ते पीएचडीवाल्यांसाठी, सरांसाठी, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण "या" असंही कुणी म्हटलं नव्हतं ना. आमच्या कॉलेजात कार्यक्रम म्हटलं की आदल्या दिवशी वर्गावर्गात नोटीस फिरायची, सगळ्यांनी यायचंच, दांडी मारलीत तर बघा. इथं तसली नोटीस फिरत नाही. कागद लागतो, दोन दिवसांनी टॉक होतो, तिसऱ्या दिवशी त्याच पिनेवर दुसरा कागद लागतो.

तर हे त्यांच्यासाठी लिहितेय जे यंदा नवीन आलेत, खास करून बाहेरगावहून, आणि ज्यांना विचारायला ओळखीचे ताई-दादा कुणी नाहीत. उदाहरणं पुण्याची देतेय कारण मला पुणंच माहीत, त्यातही पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीचा कॅम्पस आणि आजूबाजूचं. तुमच्या शहरात नावं वेगळी असतील, रीत साधारण हीच असते.

आधी हे डोक्यातून काढा की परवानगी लागते

कागदाच्या तळाशी "ऑल आर वेलकम" लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं, खरंच कुणीही गेलेलं चालतं. दारात हजेरी घेत नाहीत. कधी एखादं रजिस्टर फिरतं, त्यात नाव आणि वर्ग लिहायचा, "एमएस्सी पार्ट वन" लिहिलं म्हणून कुणी उठवत नाही. उलट वक्त्याला बोलावणाऱ्या सरांना टेन्शन असतं की खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कसं दिसेल, त्यामुळे तुम्ही गेलात तर त्यांच्यावर उपकारच.

जिथं आधी नोंदणी लागते ते प्रकार वेगळे. वर्कशॉप, स्कूल, म्हणजे पाच-दहा दिवसांची शिबिरं ज्यात जागा मोजक्या असतात, आणि परिषदा ज्यांना फी असते. कागदावर "रजिस्ट्रेशन" हा शब्द नसेल तर सरळ जायचं.

आणखी एक जे फार जणांना माहीत नसतं. पीएचडीची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, ही बंद दाराआड नसते. यूजीसीच्या नियमातच आहे की डिपार्टमेंटचे शिक्षक, बाकीचे रिसर्च स्कॉलर आणि त्या विषयात रस असलेले अभ्यासक तिथं बसू शकतात. एमएस्सीच्या पोरांनी आधी गाइडला किंवा त्या ताई-दादालाच विचारून घ्यावं, बहुतेक हो म्हणतात. मला विचाराल तर पहिल्या वर्षात एक तरी व्हायव्हा बघाच. चार-पाच वर्षं एका प्रश्नावर घालवलेला माणूस चाळीस मिनिटांत ते सगळं कसं मांडतो, बाहेरचे परीक्षक नेमकं कुठं बोट ठेवतात, आणि घरचे लोक मागच्या रांगेत पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन कसे अवघडून बसलेले असतात, हे सगळं एकाच खोलीत दिसतं. आमच्या एका ताईच्या व्हायव्हाला तिचे वडील आले होते, इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं पण प्रत्येक स्लाइड बदलली की मान हलवत होते. मला निम्म्याहून जास्त कळलं नव्हतं, मी पण हलवत होते.

कुठल्या नावाखाली काय असतं

नावं ऐकून घाबरायचं नाही पण फरक माहीत पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी चुकीच्या खोलीत जाऊन बसाल आणि परत कधी फिरकणार नाही.

कलोक्वियम म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटसाठीचं व्याख्यान. वक्त्याला माहीत असतं की समोर वेगवेगळ्या शाखांचे लोक बसलेत, म्हणून निदान पहिली पंधरा-वीस मिनिटं तरी तो पायापासून सांगतो. सुरुवात इथूनच करा. सेमिनार म्हणजे त्याच उपविषयातल्या लोकांसाठी, तिथं पहिल्या स्लाइडपासून गाडी पाचव्या गिअरमध्ये. जर्नल क्लब म्हणजे कुणीतरी एक छापून आलेला पेपर वाचून सगळ्यांना समजावतो, दहा-बारा लोक असतात, बऱ्याचदा विद्यार्थीच असतात, आणि ते स्वतः अडखळत सांगत असल्यामुळे मला तरी तिथं सगळ्यात जास्त समजतं. स्मृती व्याख्यान जरा समारंभाचं असतं, वक्ता मोठा, हॉल मोठा, चहाबरोबर बहुधा समोसा पण असतो. आणि परिषद म्हणजे कॉन्फरन्स, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण त्यात मी पैसे घालवलेत.

स्मृती व्याख्यानाला "सत्काराचा कार्यक्रम" समजून टाळू नका हं. पुण्यातली गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संस्था १९३० सालची, तिथं रावबहादूर काळ्यांच्या नावानं काळे स्मृती व्याख्यान असतं. २९ जानेवारी १९३९ ला ते डॉ. आंबेडकरांनी दिलं होतं, विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य, आणि त्याचंच पुढं "फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम" हे पुस्तक झालं जे आजही लोक वाचतात. म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये कुणीतरी एक पोरगा कंटाळा करून गेला नसेल आणि नंतर जन्मभर हळहळला असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

टॉकचा पत्ता लावायचा कसा

सगळ्यात भरवशाचा अजूनही नोटीस बोर्ड. तोही आपल्या डिपार्टमेंटचा एकट्याचा नाही, शेजारच्या दोन-तीन डिपार्टमेंटचे बोर्ड आठवड्यातून एकदा चालता चालता बघायचे, मी सोमवारी जेवणानंतर बघते. ऑफिसातल्या शिपाई मामांशी बोलून ठेवा, कुठल्या दिवशी हॉल बुक आहे, माइक कुठल्या खोलीत लावायचा सांगितलंय आणि चहा किती जणांचा सांगितलाय हे त्यांना प्राध्यापकांच्या आधी कळतं. चाळीस कप सांगितले असतील तर टॉक मोठा आहे असं समजायचं.

दुसरं म्हणजे संस्थांच्या वेबसाइटवर "इव्हेंट्स" किंवा "सेमिनार" नावाचं पान असतं, ते मोबाइलवर सेव्ह करून ठेवायचं. पुण्यातल्या माणसाचं नशीब असं की एवढ्याशा पट्ट्यात खंडीभर संस्था आहेत. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ ला डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली, इमारत चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली. तिला लागूनच एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्रवाले, मुंबईच्या टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच शाखा. पाषाणकडे गेलात की १९५० ची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि तिला खेटून २००६ ची आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था. या सगळ्यांत वर्षभर टॉक चालू असतात आणि बहुतेकांना बाहेरचे विद्यार्थी चालतात. आर्ट्सवाल्यांना डेक्कन कॉलेज, भांडारकर, गोखले, शिवाय विद्यापीठातली स्वतःची डिपार्टमेंट, ती यादी तर आणखी लांब. आणि हे फक्त आपल्याच विषयाचं बघायचं असं काही नाही. मी एकदा डेक्कन कॉलेजात इनामगावच्या उत्खननावरचा टॉक ऐकायला गेले, घोड नदीकाठचं ताम्रपाषाण काळातलं गाव, आणि अर्ध्या टॉकनंतर लक्षात आलं की हे लोक थरांचं वय काढतायत ते कार्बन-१४ वरून, म्हणजे ५७३० वर्षांचं अर्धायुष्य वगैरे, जे मी आदल्याच सेमिस्टरला घोकून पेपरात लिहून आले होते. घोकताना त्याचा मडक्यांशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

मुंबईत असाल तर कुलाब्याला टीआयएफआरचं बुधवारी दुपारी चारचं कलोक्वियम प्रसिद्ध आहे, आत जायला ओळखपत्र आणि थोडा वेळ दोन्ही हातात ठेवून जा, गेटवर वेळ जातो. त्यांचाच "चाय अँड व्हाय" नावाचा रविवारचा कार्यक्रम आहे, तो अगदी कुणासाठीही. गोव्यातल्यांना पणजीत २००८ पासून सुरू झालेला डी. डी. कोसंबी विचार महोत्सव माहीत असेलच. कोसंबी म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार, मूळचे गोव्याचे, राहायला पुण्यात आणि नोकरीला टीआयएफआरमध्ये, रोज डेक्कन क्वीननं जाऊन येऊन. आपल्याला विद्यापीठ चौकातलं ट्रॅफिक बघून टॉकला जायचा कंटाळा येतो.

तिसरं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. उपयोगी आहेत पण तिथं येणारं अर्धं नंतर सांगते त्या फसव्या परिषदांचं असतं, त्यामुळे बोर्डावर किंवा संस्थेच्या पानावर दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

वर्षातलं हवामान

टॉकलाही सीझन असतो. जून-जुलैमध्ये अ‍ॅडमिशनच्या गडबडीत काही होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला गाडी रुळावर येते, मग गणपती, मग परीक्षा. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी, कारण परदेशात शिकवणारे आपले लोक सुट्टीला घरी आलेले असतात आणि इकडच्या मित्रानं "आलायस तर एक टॉक दे" म्हटलं की नाही म्हणता येत नाही. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, दहा फेब्रुवारीला विद्यापीठाचा वर्धापनदिन (स्थापना १९४९ ची), सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, या सगळ्या दिवसांच्या आजूबाजूला व्याख्यानं असतात.

अठ्ठावीस फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला तो दिवस. या दिवशी संस्था आपली दारं सगळ्यांना उघडतात. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला मिळते, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. आजूबाजूच्या शाळांतली पोरं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात आणि तुम्ही एमएस्सीला आहात कळलं की असे प्रश्न विचारतात की घाम फुटतो.

मार्चमध्ये अचानक सेमिनारचा पाऊस पडतो. का पडतो ते पहिल्या वर्षी मला कळेना. एकतीस मार्चच्या आत ग्रँट खर्च करायची असते, हे कारण. या पावसातले काही कार्यक्रम चांगले असतात आणि काही नुसतेच असतात. एप्रिल-मे डिपार्टमेंटं सुनसान, तेव्हा शहरातली वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केलेली, ती रिसर्चची नाही पण तासभर एका जागी बसून ऐकायची सवय मोडत नाही.

कागद वाचायचा कसा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण माझं सगळं चित्र इथंच बदललं.

कागदावर चार गोष्टी असतात, वक्त्याचं नाव, संस्था, शीर्षक आणि खाली आठ-दहा ओळींचा सारांश. आपण शीर्षक वाचतो, त्यातले दोन शब्द कळत नाहीत, आणि पुढं चालू लागतो. तसं न करता कागदाचा फोटो काढा आणि रूमवर जाऊन फक्त वीस मिनिटं द्या. जास्त नाही, जास्त दिलीत तर कंटाळून जाणारच नाही.

माझ्या पहिल्या टॉकचं शीर्षक साधारण असं होतं, सुरुवातीच्या विश्वातल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटर रेषा आणि ती कमी वारंवारतेच्या दुर्बिणीनं कशी शोधायची. मला त्यातलं हायड्रोजन कळलं. मग मी तीन शब्द निवडले, २१ सेंटिमीटर, रेडशिफ्ट आणि फोरग्राउंड, आणि प्रत्येकाला पाच-सात मिनिटं दिली. पहिल्याचं उत्तर असं की उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला रेडिओ लहर सोडतो, तिची लांबी २१ सेंटिमीटर. दुसऱ्याचं असं की विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे खूप जुन्या काळातून निघालेली लहर आपल्यापर्यंत पोचेपर्यंत ताणली जाते, साडेनऊ पट ताणली तर २१ सेंटिमीटरचे जवळपास दोन मीटर होतात आणि वारंवारता दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास येते. हे मी बसमध्ये तिकिटाच्या मागं करून बघितलं, दोन मीटर गुणिले पंधरा कोटी म्हणजे तीस कोटी मीटर प्रति सेकंद, म्हणजे प्रकाशाचा वेग, म्हणजे बरोबर. इतका आनंद झाला की स्टॉप पुढं गेला.

तिसरा शब्द फोरग्राउंड. आपल्याला हवा तो संकेत फार क्षीण असतो आणि त्याच्या वाटेत आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट असतो, तो हजारो पटींनी जास्त. म्हणजे लग्नाच्या बँडसमोर उभं राहून शेजारच्याच्या मनगटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकायची. आणि टॉकमध्ये झालं काय, तर पन्नास मिनिटांतली तीस मिनिटं वक्ता या बँडबद्दलच बोलत होता, तो कसा वजा करायचा, करताना टिकटिकही कशी जाऊ शकते, आणि गेली की नाही हे ओळखायचं कसं. मी वीस मिनिटं घालवली नसती तर मला वाटलं असतं हा माणूस विषय सोडून भलतंच काय सांगतोय.

तर फॉर्म्युला हाच, शीर्षकातले किंवा सारांशातले तीन शब्द, आणि वीस मिनिटं. आर्ट्सच्या टॉकलाही हेच चालतं, फक्त तिथं शब्दांऐवजी कधी एखादं गाव असतं, एखादं साल असतं किंवा एखाद्या आयोगाचं नाव असतं.

त्या दिवशी

ओळखपत्र खिशात पाहिजे, गेटवरचे काका विचारतात, "टॉकला आलोय" आणि हॉलचं नाव सांगितलं की सोडतात. म्हणून हॉलचं नाव पाठ करून जा. नुसतं "आयुकात आहे" म्हणून गेलात तर आत एकसारखी दिसणारी दारं शोधत फिराल, मी फिरलेय, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइनच्या पुतळ्यांना तीन चकरा मारल्या आणि शेवटी बागेत पाणी घालणाऱ्या काकांनी हात धरल्यासारखं नेऊन सोडलं.

दहा मिनिटं आधी पोचा. बसायचं कुठं तर मधे, थोडं बाजूला. पहिल्या दोन रांगा सिनियर सर-मॅडमच्या ठरलेल्या असतात, कुठं लिहिलेलं नसतं पण असतात. अगदी शेवटची रांग पण नको, तिथून ग्राफवरचे आकडे दिसत नाहीत आणि शिवाय तिथं लॅपटॉप उघडून आपलंच काम करणारे बसतात, त्यांची लागण होते. मधूनच उठून जावं लागणार असेल तर कडेची खुर्ची घ्या आणि जाताना शांतपणे जा, त्यात अपमान वगैरे काही नसतो, लोकांना पुढची लेक्चरं असतात. एसी कडक असतो, ओढणी किंवा जर्किन ठेवा बरोबर. चांगले चांगले लोक थंडीनं झोपतात, विषयानं नाही.

काहीच कळेना झालं तर

होणारच. सगळ्यांचं होतं, फक्त कुणी बोलत नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका सरांना टॉकनंतर घाबरत घाबरत म्हटलं, सर मला वीस मिनिटांनंतर काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "तुला वीस मिनिटं कळलं? मला पंधरा."

वही ठेवा आणि सगळं लिहायच्या भानगडीत पडू नका, स्लाइड उतरवत बसलात तर ऐकाल काय. मी फक्त तीन ओळी लिहिते. याला प्रश्न काय पडलाय, यानं उत्तर कशावरून काढलं, आणि मी कुठल्या स्लाइडला सुटले. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. वर्षभरानं माझ्या वहीतल्या त्या तिसऱ्या ओळी एकाखाली एक वाचल्या तर निम्म्याहून जास्त ठिकाणी मी सांख्यिकीला सुटले होते, बेजियन अमुक, लाइकलिहूड तमुक. मग पुढच्या सेमिस्टरला ऐच्छिक विषय कुठला घ्यायचा हा प्रश्नच उरला नाही.

सुटलात तरी शेवटची दोन मिनिटं परत कान टवकारा, तेव्हा वक्ता निष्कर्ष सांगतो आणि पुन्हा सोप्या भाषेवर येतो.

प्रश्न विचारायचा का

लगेच नाही विचारलात तरी चालेल, पहिले तीन-चार टॉक नुसते बघा लोक कसे विचारतात. काही जण प्रश्न न विचारता स्वतःच पाच मिनिटांचं भाषण करतात, तसं करायचं नाही हे लगेच समजतं. काही जण एका ओळीत असं विचारतात की वक्ता थांबतो, पाणी पितो आणि म्हणतो, यावर विचार करावा लागेल.

आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात सुरक्षित प्रश्न म्हणजे खराखुरा छोटा प्रश्न. माझा पहिला प्रश्न होता, "सर, या ग्राफच्या उभ्या अक्षावर काय आहे?" विचारल्या विचारल्या कान गरम झाले, वाटलं आता सगळे हसणार. वक्त्यानं मागं वळून स्लाइड बघितली आणि म्हणाला, अरे, लेबल टाकायचं राहिलंय. पुढच्या रांगेतले दोन जण वळून माझ्याकडं बघत मान डोलावले, म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं आणि तेही गप्प बसले होते! इंग्रजीची भीती वाटत असेल तर वाक्य वहीत लिहून घ्या आणि वाचून दाखवा, कुणी काही म्हणत नाही. विद्यापीठात मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा बऱ्याच ठिकाणी प्रश्न मराठीतूनही चालतो, अध्यक्षांकडं बघून "मराठीत विचारलं तर चालेल का" एवढं आधी म्हणायचं.

चहा

चहाला थांबा. टॉक संपला की बॅग उचलून पळणारे नवीनच असतात, जुने थांबतात, कारण खरं बोलणं इथं होतं. वक्ता कपबशी घेऊन उभा असतो, त्याच्याभोवती सरांचा घोळका असतो, तिथं घुसायची गरज नाही, बाजूला बिस्किटांच्या टेबलापाशी पीएचडीवाले उभे असतात त्यांच्यात जा. "मी एमएस्सीला आहे, हे अमुक मला कळलं नाही" एवढं म्हटलं की कुणीतरी ताई नाहीतर दादा पेपर नॅपकिनवर चित्र काढून समजावायला लागतो. मला माझा उन्हाळी प्रोजेक्ट असाच मिळाला, अर्ज वगैरे नंतर केला, आधी नॅपकिन झाला.

कॉन्फरन्सच्या नावाखाली जे येतं त्याबद्दल

व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पत्रक येतं, "आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद", भौतिकशास्त्रापासून योगापर्यंत सगळे विषय, पेपर पाठवा दोन दिवसांत मंजूर, फी भरा, प्रमाणपत्र आणि छापील अंक घरपोच. विषयांची यादी जितकी लांब तितकं लांब राहायचं. कुठल्याही गंभीर परिषदेत दोन दिवसांत पेपर वाचून होत नाही. पूर्वी लोक विचारायचे जर्नल केअर यादीत, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीत, आहे का, पण ती यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता ठरवायची जबाबदारी संस्थांवर आलीय, त्यामुळे अजूनही "केअर लिस्टेड" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथंच काय ते समजा. शंका आली तर गाइडला किंवा लायब्ररीतल्या मॅडमना पत्रक दाखवा, त्या पाच मिनिटांत सांगतात.

मी स्वतः पंधराशे रुपये भरून एका दोन दिवसांच्या राष्ट्रीय परिषदेला गेले होते, कुठली ते जाऊ द्या. सकाळी दहाचं उद्घाटन साडेअकराला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांना शाल मिळाली त्यांचं मनोगत, आणि बीजभाषण सुरू होईपर्यंत जेवणाची वेळ झाली म्हणून ते बारा मिनिटांत उरकलं. दुपारी पेपर वाचायला प्रत्येकाला चार मिनिटं, माझा नंबर आला तेव्हा समोर अध्यक्ष, मी आणि माझ्या नंतरचा मुलगा, बाकीचे प्रमाणपत्राच्या रांगेत. म्हणून आता फी भरायच्या आधी मी वेळापत्रक मागून घेते आणि मोजते, उद्घाटन आणि समारोप सोडून प्रत्यक्ष व्याख्यानांना किती तास दिलेत. वेळापत्रकच तयार नसेल तर जात नाही.

चांगल्या परिषदाही भरपूर असतात, आणि विद्यार्थ्यांना बऱ्याचदा फीमध्ये सवलत, राहायची सोय, कधी प्रवासखर्चही मिळतो, पण त्यासाठी अर्ज दोन-तीन महिने आधी करावा लागतो. पोस्टर सेशन असेल तर पेपरपेक्षा पोस्टरच लावा. चार मिनिटांत बडबडून खाली बसण्यापेक्षा दोन तास पोस्टरजवळ उभं राहून एकेकाला समजावणं कितीतरी बरं.

दुसऱ्या दिवशी

ऑनलाइन टॉकचं वेगळं सांगायला नको, फक्त माइक बंद ठेवा, कुकरची शिट्टी सगळ्यांना ऐकू जाते. रेकॉर्डिंग असेल तर जिथं सुटलात तेवढाच भाग परत बघा. खगोलशास्त्रात अगदीच पाया कच्चा वाटत असेल तर आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात, तसली शोधून ऐका, लाज कसली.

आणि वक्त्याला मेल करा. हे कुणी करत नाही. नारळीकर सर मुलांनी सही मागितली की म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, आणि द्यायचे. मेल त्या पोस्टकार्डाएवढाच ठेवायचा. मी कोण, कुठल्या तारखेला कुठला टॉक ऐकला, आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर दोन-तीन ओळींत देता येईल असा. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड" वालं परिच्छेदभर काही नको, पहिल्याच मेलला इंटर्नशिप तर मुळीच मागू नका. आठवड्यात उत्तर नाही आलं तर नाद सोडा, लोक प्रवासात असतात. मी त्या २१ सेंटिमीटरवाल्या सरांना विचारलं होतं की बँडचा आवाज वजा करताना टिकटिकही थोडी गेली असेल तर ती किती गेली हे कळतं कसं. विसरून पण गेले होते. तेवीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, की आधी खोटी टिकटिक स्वतःच डेटात मिसळायची आणि वजाबाकीनंतर तिच्यातली किती उरते ते बघायचं, आणि सोबत एक पीडीएफ जोडलेली, सत्तेचाळीस पानांची.